निरोगी म्हणून ठेवलेल्या पेशी

मामांच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढा एक व्रण आहे. त्या व्रणाच्या जोरावर मामांनी वीसेक वर्षं जी मिजास केली, ती एखाद्या पदकविजेत्यालाही शोभली नसती.

त्याचं असं झालं. मामा ज्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम करत, तिथे एक पद्धत होती. आजारी माणसाच्या पेशी तपासायच्या तर शेजारी धडधाकट माणसाच्या पेशी ठेवाव्या लागतात, नाहीतर बिघाड कशाला म्हणायचं हेच कळत नाही. आता धडधाकट माणूस आणायचा कुठून? कातडी द्या हो म्हणून दारोदार फिरता येत नाही. म्हणून जो पेशी वाढवतो त्यानेच आपल्या कातडीची एक चकती द्यायची, असा तिथला रिवाज पडला होता. मामा नोकरीला लागले तेव्हा अंगाने सडपातळ होते, डोक्यावर केस होते आणि दोन जिने एका दमात चढत होते. त्यांची चकती घेतली, तिच्यातल्या पेशी गुलाबी द्रवाच्या बाटल्यांत वाढवल्या, आणि थंडगार टाकीत त्यांच्या नळ्या रचून ठेवल्या. प्रत्येक नळीवर एकच शब्द होता, निरोगी.

पुढे केस गेले, पोट आलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण टाकीतल्या नळ्यांवरचा शब्द तसाच राहिला. जिना चढताना धाप लागली की मामा कठड्याला धरून उभे राहत आणि सोबतच्याला सांगत की बाबा रे, तुझ्यासमोर जे हे धापा टाकतंय ना, त्याच्याशी ताडून लोकांना आजारी ठरवतात. स्वतःवर असं हसून घ्यायची त्यांना सवयच होती. त्यात एक सोय असते. दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसलो की पुढचं कोणी काही विचारत नाही.

त्यांना मामा हे नाव पडलं ते भाचीमुळे. ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, लवकर एकटी पडली आणि नोकरी करायला लागली. तिची मुलगी शाळा सुटली की प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत येऊन फिरत्या स्टुलावर गरगर फिरत बसायची. तिला सगळे भिंगरी म्हणायला लागले, आणि ती ज्याला मामा म्हणायची त्याला सगळेच मामा म्हणायला लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसुद्धा त्यांना मामाच म्हणत, आणि त्या मामांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या होत्या.

प्रयोगशाळेचं काम चाले ते मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारक्या कारखान्यांवर. कोणी पाहुणे आले की मॅडम त्यांना मामांकडे पाठवत, कारण मामांना सांगायची भारी हौस. पेशीचा बहुतेक सगळा डीएनए केंद्रकात असतो, पण या कारखान्यांकडे स्वतःचीही एक छोटी गोल माळ असते, सदतीस जनुकांची. एका पेशीत तिच्या शेकडो, कधी हजारो प्रती. पेशी दुभंगो न दुभंगो, जुन्या प्रती मोडीत निघतात आणि नव्या निघत राहतात. पण नक्कल करणारी यंत्रणा, माळ आवळून बांधणारी प्रथिनं, लागणारा कच्चा माल, हे सगळं केंद्रकाच्या हुकमाने बाहेरून यावं लागतं. "म्हणजे माझ्यासारखंच," मामा सांगत. "राहतो स्वतंत्र, पण डबा भाचीकडून येतो."

माळ वाचायची तऱ्हाही न्यारी. एकेक जनुक सुटं वाचायचं नाही. जवळजवळ अख्खी माळ एका दमात वाचून काढायची आणि मग त्या लांबलचक पट्टीचे तुकडे पाडायचे. कुठे कापायचं याच्या खुणा म्हणजे मधेमधे बसलेले चिमुकले वाहक. कापून सुटे झाले की हेच वाहक प्रथिनं बांधायला एकेक दाणा आणून देतात. यातल्या एका जरी वाहकात एक अक्षर चुकलं तरी बांधकाम अडखळतं. शंभरातल्या दहा-वीस प्रतींत चूक असेल तर पेशीला पत्ताही लागत नाही, बाकीच्या निभावून नेतात. चुकलेल्या प्रती निम्म्याच्या वर चढत गेल्या की मात्र कुठे ना कुठे बोंब होते, आणि आधी कुरकुरतात ते ज्यांना ऊर्जा फार लागते ते अवयव. कान, हृदय, स्नायू, साखर सांभाळणारं स्वादुपिंड. आणि ही माळ येते फक्त आईकडून. बापाची पुढे जात नाही. हे सांगताना मामा, जे जन्मभर बिनलग्नाचे राहिले, हात झटकून म्हणत की लग्न केलं असतं तरी माझी माळ माझ्यापाशीच संपली असती, तेव्हा निसर्गाचं काही नुकसान झालेलं नाही.

आता ज्याने हे सगळं पाहुण्यांना वीस वर्षं तोंडपाठ सांगितलं, त्याला स्वतःची बहीण दिसली नाही. ताईला चाळिशीच्या आत मधुमेह झाला. मग ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा मामा म्हणाले की तिच्या कचेरीतल्या यंत्रांचा खडखडाट फार. मग थोडं चाललं तरी ती दमायला लागली, तेव्हा मामा म्हणाले की मधुमेहाने माणूस दमतोच. शेवटी हृदयाने साथ सोडली. तीन डॉक्टरांच्या तीन फायली होत्या आणि त्या तिन्ही मामाच पिशवीत घालून हिंडवत होते. एकाच पिशवीतून.

ताई गेल्यावर दोन-तीन वर्षांनी भिंगरीचं लग्न झालं. ती दोन गल्ल्या सोडून राहायला गेली आणि मामांचा डबा पाठवायला लागली. मग एक दिवस ती स्वतःच डबा घेऊन आली आणि बसून राहिली. तिला डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. दोघांना मूल हवं होतं, आणि आईला जे झालं ते आपल्यालाही आहे का, आपल्या बाळाला होईल का, हे तिला कळायला हवं होतं. तपासणी करून घेऊ का, असं तिने विचारलं. दुसऱ्या कोणाला नाही, मामांना विचारलं, कारण मामा त्यातलेच.

मामांनी तेव्हा नुसता धीर दिला असता तरी चाललं असतं. पण नाही, त्यांनी पुरावा दिला. बाही वर करून व्रण दाखवला आणि समजावलं की तुझी आई आणि मी एकाच आईची लेकरं, तिची माळ तीच माझी माळ, आणि माझी तर प्रयोगशाळेने तपासून निरोगी म्हणून टाकीत जपून ठेवली आहे. ताईच्या माळेत खोट असती तर माझ्यात दिसली नसती का? भिंगरीला ते पटलं. मामांचं म्हणणं तिला नेहमीच पटायचं. कानाला यंत्र लावून घे म्हणजे झालं, असं सांगून मामांनी डबा उघडला आणि पोटभर जेवले.

त्या हिशेबात एक भोक होतं आणि मामांना ते माहीत असायला हवं होतं. त्यांच्या पेशी तपासल्या होत्या त्या जुन्या पद्धतीने. त्या पद्धतीला शंभरातल्या पंधरा-वीस प्रती चुकलेल्या असल्याशिवाय काही दिसतच नसे.

मग प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. त्याला शंभरातली एक चुकलेली प्रतही दिसायची. यंत्राबरोबर एक नवी संशोधक मुलगी आली, कामाला चोख, बोलायला कमी. तिने पहिल्यांदा यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणून एका रुग्णाच्या पेशी आणि शेजारी मामांच्या पेशी लावल्या. रुग्णाच्या ज्या वाहकात चूक होती, त्याच्या आसपासचा माळेचा तेवढाच तुकडा वाचला. रुग्णाच्या पेशींत बिघाड दिसला, तो दिसणारच होता. पण मामांच्या पेशींतही तेच अक्षर चुकलेलं दिसलं. शंभरात नऊ.

मुलीने ते मॅडमना दाखवलं आणि मॅडमनी मामांना बोलावलं. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर कधीतरी रुग्णाच्या बाटलीतल्या चार पेशी मामांच्या बाटलीत सांडल्या असतील आणि तिथे वाढत राहिल्या असतील. नाहीतर ती खोट मामांचीच होती.

इथे मामांच्या आयुष्यातला सगळ्यात हास्यास्पद आठवडा सुरू झाला. पेशींची भेसळ म्हणजे त्यांच्या धंद्यातलं महापातक. एका वेळी पेशी हाताळायच्या निर्जंतुक पेटीत एकच बाटली, हा नियम त्यांनी सगळ्या प्रयोगशाळेला घोटून पाजला होता. पेटीच्या काचेवर कोणी बोट टेकवलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. भेसळ झाली असेल असं आदल्या महिन्यात कोणी नुसतं सुचवलं असतं, तरी मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. आणि आता तेच मामा मनोमन देव पाण्यात ठेवून बसले होते की भेसळच निघू दे. आपण गलथान निघू दे, बेजबाबदार निघू दे, वीस वर्षांचं काम पाण्यात जाऊ दे, पण भिंगरीला दिलेला शब्द तेवढा खोटा निघू नये.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले आणि स्वतःवरच आरोप करायला लागले. अमुक साली आपल्याला ताप होता, तरी कामावर आलो होतो, तेव्हा हात थरथरला असेल. एकदा दिवे गेले होते, तेव्हा बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. एकदा तर आपण पेटीसमोर शिंकलो होतो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमच्या शिंकेत फार तर तुमच्याच पेशी असतील, रुग्णाच्या नाही. मामांना त्यावर हसू आलं नाही. ज्या माणसाने जन्मभर स्वतःची खिल्ली उडवली, त्याला स्वतःविरुद्ध एक साधा आरोप सिद्ध करता येत नव्हता.

खरं काय ते ठरवायला मुलगी अख्खी माळ वाचणार होती. प्रत्येक घराण्याच्या माळेत काही निरुपद्रवी अक्षरं त्या घराण्याची खास असतात. चुकलेल्या नऊ प्रतींवर रुग्णाच्या घराण्याची अक्षरं सापडली तर भेसळ, मामांच्या घराण्याची सापडली तर मामा. शिवाय मामांचा ताजा नमुनाही हवा होता, आणि ही चूक सगळ्यात चांगली दिसते ती लघवीतल्या पेशींत. मामा डबी घेऊन मोरीत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. वीस वर्षं विज्ञानाची सेवा केली आणि शेवटी विज्ञानाने हे मागितलं, असं काहीतरी त्यांच्या मनात येत होतं, पण विनोद ऐकवायला तिथे कोणी नव्हतं आणि लघवीही येत नव्हती.

त्याच आठवड्यात भिंगरी डबा घेऊन आली. कानातलं नवं यंत्र केसांआड लपवलं होतं आणि चेहरा उजळला होता. दोघांनी ठरवलं होतं, आता मुलाचा विचार पक्का. मामांनी तोंडभर हसून तिच्या पाठीवर हात फिरवला आणि ती गेल्यावर डबा तसाच झाकून ठेवला. उद्या निकाल लागेल, मग बोलू, असं त्यांनी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. आपल्याला हृदयाचं काही होईल याला नाही, तर त्या पोरीचा चेहरा उतरलेला पाहायला.

निकाल आला. नऊच्या नऊ प्रतींवर मामांच्याच घराण्याची अक्षरं होती. लघवीत वाटा आणखी जास्त, शंभरात चौदा. मामांचे हात स्वच्छ होते. त्यांनी कधीही काहीही सांडलं नव्हतं.

मॅडमनी दार लावून घेतलं आणि त्यांना पाणी दिलं. संशोधनाच्या यंत्रावरचं वाचन म्हणजे निदान नव्हे, त्यासाठी रुग्णालयात रीतसर तपासणी हवी, हे त्यांनी सांगितलं. तुमच्या अंगात वाटा कमी, म्हणून तुम्ही निभावलात. तुमच्या बहिणीच्या अंगात बहुधा खूप होता. एकाच आईच्या दोन अंडपेशींत फार वेगवेगळा वाटा उतरू शकतो. भाचीत किती असेल ते कोणालाच सांगता येणार नाही, मोजूनच बघावं लागेल. हे सगळं मामांना ठाऊक होतं. पाहुण्यांना तेच तर सांगत आले होते. फक्त या वेळी ते ऐकणाऱ्याच्या खुर्चीत होते आणि मॅडमच्या आवाजापलीकडे त्यांना ताई ऐकू येत होती. जिन्यावर मधेच थांबून ती म्हणायची, तू हो पुढे, मी येते. आणि मामा पुढे जायचे.

संध्याकाळी ते भिंगरीकडे गेले. जावई घरात होते, त्यांनाही बसवून घेतलं. वाटेत मामांनी कसं सांगायचं ते घोळवून ठेवलं होतं. सुरुवात टाकीतल्या नळ्यांपासून केली. जगातला सगळ्यात निरोगी माणूस कसा तोंडावर आपटला, आपल्याच हातून भेसळ झालेली निघावी म्हणून त्याने कसा नवस केला, मोरीत कशी फजिती झाली, असं एकेक सांगत गेले. जावई हसले. मामांना हुरूप आला, त्यांनी शिंकेची गोष्टही सांगितली.

भिंगरी हसत नव्हती. तिला अर्ध्यावरच सगळं समजलं होतं. प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून ती लहानपणापासून हेच ऐकत आली होती.

"मामा, तू स्वतःवर हसायला लागलास की मला तुला सांभाळावं लागतं," ती म्हणाली. "आज मला ते जमणार नाही. मला भीती वाटतेय."

कोणी रागावलं असतं, आरोप केला असता, तर त्यांनी पटकन मान खाली घालून आणखी चार शिव्या स्वतःला घातल्या असत्या. त्याची तालीम त्यांच्याकडे तयार होती. पण तिने आरोप केलाच नव्हता. आपला हसरा स्वभाव म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेलं आपलं ओझं, हे त्यांना या वयात पहिल्यांदा दिसलं, आणि ते पाहून त्यांना फार वाईट वाटलं. मी चुकलो, मी उगाच छातीठोकपणे सांगितलं, असं ते साधेपणाने म्हणाले. मग तिचा हात हातात धरून बसले. जावयांनी दिवा लावला.

भिंगरीच्या रीतसर तपासणीचा निकाल घ्यायला तिघं मिळून जायचं ठरलं होतं, पण जावयांना ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही, म्हणून मामा आणि भिंगरी गेले. डॉक्टर तरुण होते, घाई न करता बोलत होते. भिंगरीचा वाटा लघवीतल्या पेशींत शंभरात अडतीस निघाला, कानात तो याहून जास्त असणार. कमी ऐकू येण्याचं कारण तेच. मधुमेह आणि हृदय यांची दरवर्षी तपासणी करायची, काही औषधं टाळायची, एवढं तिच्यापुरतं. बाळाबद्दल विचाराल तर त्याच्यात किती येईल याची खात्री नाही, थोडं येईल किंवा खूप. पण एक वाट आहे. गर्भ शरीराबाहेर तयार करायचे, प्रत्येकातल्या दोन-चार पेशी काढून चुकलेल्या प्रतींचा वाटा मोजायचा, आणि ज्यात तो सगळ्यात कमी असेल तो गर्भ ठेवायचा. दर वेळी जमतंच असं नाही, धोका पुरता जात नाही, पण बराच घटतो. भिंगरीने दोन प्रश्न विचारले, उत्तरं नीट ऐकली, आभार मानले.

बाहेर पडल्यावर ती रुग्णालयाच्या पायऱ्यांवरच बसली. मामा शेजारी बसले. लोक बाजूने चढत-उतरत होते, एक बाई छत्री मिटवत आत गेली. मामांच्या तोंडाशी नेहमीप्रमाणे काहीतरी आलं, दोघांच्या टक्क्यांची तुलना की काय, पण त्यांनी ते गिळलं.

"म्हणजे आईचं जितकं कमी येईल तितकं बाळ चांगलं," भिंगरी समोर बघत म्हणाली. "असंच ना? मोजायचं, आणि ज्याच्यात आई सगळ्यात कमी तो गर्भ ठेवायचा."

मामांना तिच्या आवाजावरून कळलं की तपासणी, औषधं, धोका, यातलं काहीच तिला एवढं टोचलेलं नव्हतं. आईला नको म्हणायचं, आणि तेही मोजून म्हणायचं, हे तिला सहन होत नव्हतं.

"नाही गं," ते म्हणाले. "चुकलेल्या अडतीस आईकडून आल्या. मग उरलेल्या बासष्ट कुठून आल्या? त्यासुद्धा तिच्याच आहेत. ही माळ दुसऱ्या कोणाकडून येतच नाही. ज्यांच्या जोरावर तू आज चालतेस, बोलतेस, माझा डबा करतेस, त्या सगळ्या चांगल्या प्रती ताईनेच दिल्यात. बाळात काहीही ठेवलं तरी ते सगळंच्या सगळं ताईचंच असेल. आपण फक्त तिचं दुखणं बाजूला काढायचं बघतोय."

भिंगरी त्यांच्याकडे वळली. "डॉक्टर असं काही बोलले नाहीत."

"त्यांनी ताईला कुठे पाहिलं होतं?"

तिने मामांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथेच पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हुंदके देऊन रडली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मामा तिला थोपटत राहिले.